पायी जाणाऱ्यांना टोल नाही

एकतीस वर्षं मी या पुलावर पावत्या फाडल्या.
खाली रेनी नदी, अर्धं वर्ष पाणी, अर्धं वर्ष रस्ता.
दक्षिणेला मिनेसोटा, उत्तरेला ऑन्टारिओ,
मधोमध, नवव्या खांबाजवळ, एक पितळी पट्टी.
अलीकडे प्यायला एकवीस लागतात,
पलीकडे एकोणीस पुरतात.

शुक्रवारी रात्री पोरं घोळक्याने जायची,
टोप्या कानांवर ओढून, चालत.
पायी जाणाऱ्यांना टोल नाही.
तरी मी मोजायची.
सात गेली, सात आली,
की किटलीखालची शेगडी बंद.

ब्रिटा हाल्वर्सन त्या घोळक्यातली नव्हे.
ती अठराव्या वर्षापासून बारच्या काउंटरमागे उभी.
ओतायला अठरा चालतात.
ग्लास तिरका धरून फेस कसा आवरायचा,
"आता बस, आर्व्हिड," कधी म्हणायचं,
कुणाच्या किल्ल्या बरणीत टाकायच्या,
सगळं येतं तिला.
चव तेवढी माहीत नाही.

त्याच हिवाळ्यात, ड्युलुथच्या इस्पितळात,
आईचं श्वासाचं यंत्र थांबवायच्या कागदावर
तिने सही केली.
वय विचारलं होतं. अठरा ऐकून पेन पुढे केलं.
नऊ वर्षांचा भाऊ तिच्या नावावर झाला,
घराचे हप्तेही.
सज्ञान, म्हणे. जिला कळतं ती.
यंत्र थांबलं तेही तिला कळलं नाही,
वाटलं, आई झोपली.

एकोणिसाव्या वाढदिवशी ती पुलावर आली.
पट्टीवर थांबली,
एक बूट इकडे, एक बूट तिकडे.
"इर्मा, आता मी अर्धी मोठी का गं?"
वारा होता. ऐकलं नाही असं मी दाखवलं.

पाऊण तासात परत.
"कडू आहे. एवढ्यासाठी?"
हसली. मग माझ्या खिडकीला टेकून
बराच वेळ रडली,
बिअरसाठी नव्हे.

मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये सभा भरली.
अठराला मत, अठराला बंदूक, अठराला तुरुंग,
मग ग्लासाचंच काय एवढं?
टाळ्या.
शेरीफने तक्ता लावला, एकच रेघ, खाली उतरत गेलेली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मेंदू पंचविशीपर्यंत ओला असतो, सिमेंटसारखा.
मागून कुणीतरी, "मग लग्नंही पंचविशीलाच लावा!"
हशा.
सगळेच बरोबर बोलत होते,
तीच तर पंचाईत.

ब्रिटाने अर्ज माझ्यापुढे धरला.
मी चष्मा शोधण्यात वेळ काढला.

तिला ठाऊक नाही एइनो, माझा धाकटा भाऊ.
तेव्हा इकडेही अठराच होते.
त्याला अठरा वर्षं अकरा दिवस.
कायद्याने प्यायला, बिल चुकतं केलं,
टीपसुद्धा ठेवली.
एप्रिलचा बर्फ वरून पांढरा, आतून कुजका.
गाडी तिसऱ्या दिवशी वर काढली,
वायपर काचेच्या मध्यावर थांबलेले.

एकवीस असते तर?
चोरून प्यायला असता, लाकडाच्या वखारीमागे.
किंवा नसता.
या "किंवा"वर मी सत्तरीला आले.

अक्कलदाढ कुणाला सतराव्या वर्षी येते.
माझी चाळिशीत काढावी लागली, आडवी होती.

गेल्या महिन्यात लेक आली,
गाडीच्या किल्ल्या मागितल्या, गोड आवाजात,
"आई, आता वय झालं."
झालं असेल.
कोणत्या खांबाजवळ, ते नाही सांगितलं.

अर्ज अजून फ्रिजवर आहे, चुंबकाखाली,
सहीची रेघ कोरी.
शुक्रवारी ब्रिटाच मला न्यायला येते.
फेस आवरून अर्धा ग्लास माझ्यापुढे,
स्वतःला कोकाकोला.
पुढच्या अर्ध्यासाठी मी ग्लास सरकवते.
"आता बस, इर्मा," ती म्हणते,
आणि मी ऐकते.